दुसरा मार

रंजिताचं पत्र मला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिळालं. मे उजाडला तरी मी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं.

बहरीनमध्ये टपाल दारात येत नाही, ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये येतं. रिसेप्शनवरून तो लिफाफा माझ्या टेबलावर आला तेव्हा मला वाटलं, चुकून आला असेल. मला पुस्तकांच्या कॅटलॉगखेरीज काही येत नाही. पण पत्त्याच्या वर देवनागरीत ‘शिरीषकाका’ लिहिलं होतं आणि त्यातल्या ‘ष’चं पोट नको तेवढं मोठं होतं. ते अक्षर मीच शिकवलेलं. शुक्रवारी सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या खोलीत मी मुलांना मराठी वाचायला शिकवतो. रंजिता तिथे आठ वर्षांची असल्यापासून यायची.

‘प्रिय शिरीषकाका,’ तिने लिहिलं होतं, ‘मराठी चुकलं तर लाल पेनाने गोल करू नका. मला स्क्रीन बघायला अजून बंदी आहे म्हणून हाताने लिहिते. मी नेरूरला आत्याकडे आहे. चालते, जेवते, जिना चढते. पण त्या आठवड्यातलं मला काहीच आठवत नाही. सोमवारची प्रॅक्टिस नाही, शुक्रवारची मॅच नाही. बाबा म्हणतात, सगळं नॉर्मल होतं. माझ्या डायरीत मंगळवारी फक्त ‘लायब्ररी’ लिहिलंय, म्हणजे मी तुमच्याकडे आले असणार. मी कशी होते? डोकं दुखतंय असं काही म्हणाले का? इथले डॉक्टर विचारतात की शुक्रवारचा मार पहिला होता की दुसरा. पहिला असेल तर पुढच्या वर्षी मी खेळू शकेन. दुसरा असेल तर पुन्हा कधीच नाही. त्यांना पाहिलेल्या माणसाचं लेखी पाहिजे, सहीसकट. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हाला विचारते.’

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मग पत्राची घडी घालून ते टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं आणि त्यावर जुनी रजिस्टरं रचली.

मी हिद्दच्या रस्त्यावरच्या एका नर्सिंग कॉलेजात लायब्ररी सांभाळतो. वय सदुसष्ट. दर वर्षी वाटतं, यंदा काही व्हिसा रिन्यू होत नाही, आणि होतो. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. पुस्तकं मात्र हवी तेवढी वाचली आहेत. त्यांचा कुणाला काय उपयोग झाला हे विचारू नये.

रंजिताचे वडील गुंडू आमच्या कॉलेजची बस चालवतात. मूळचे कुडाळजवळच्या नेरूरचे, राहायला अरादला. त्यांची बायको मथुरावहिनी घरून डबे देते. या दोघांची एकुलती मुलगी आमच्याच कॉलेजात नर्सिंगला आली. त्या वर्षी कॉलेजात तीन आयरिश प्राध्यापक होते आणि त्यांनी आल्या आल्या मुलींची गेलिक फुटबॉलची टीम काढली. पाच आयरिश माणसं एका वाळवंटात सोडली तर ती आधी पाणी शोधणार नाहीत, टीम काढतील, असं त्यांच्यातलाच एक जण म्हणायचा.

हा खेळ काय असतो ते रंजिताने मला लायब्ररीत एका मोसंब्यावर समजावलं.

“बॉल हातात घेऊन पळायचं, काका. पण चारच पावलं. मग एकदा जमिनीवर आपटायचा, नाहीतर पायावर टाकून परत हातात घ्यायचा. असा.” मोसंबं तिच्या बुटावर पडलं, उडालं आणि परत तिच्या तळहातात आलं. “गोलाचे खांब वर खूप उंच असतात. आडव्या दांडीवरून मारला तर एक पॉइंट. खालून जाळीत गेला तर तीन.”

“म्हणजे फुटबॉल आहे की हँडबॉल?”

“दोन्ही. आणि थोडी कबड्डी.”

कबड्डी तिला आधीपासून यायची. मंडळाच्या क्रीडास्पर्धेत ती मोठ्या बायकांना ओढत मध्यरेषेपर्यंत यायची. त्या आयरिश लोकांनी पहिल्या दिवशी तिला विचारलं, तुझं गाव कुठलं? ती म्हणाली, अराद. ते म्हणाले, ते राहायचं झालं, गाव कुठलं? तिकडे म्हणे माणूस ज्या गावचा त्याच गावाकडून आयुष्यभर खेळतो. मग हिने नेरूर सांगितलं. त्या दिवसापासून मैदानावर तिला कुणी रंजिता म्हटलं नाही. “कम ऑन, नेरूर!” असं लाल केसांच्या बाया ओरडायच्या, आणि बसच्या दारात उभे असलेले गुंडू दर वेळी दचकायचे.

“मास्तरांनू, ह्या खेळात पैसे किती गावतत?” त्यांनी मला एकदा विचारलं.

“काहीच नाही. आयर्लंडातसुद्धा नाही म्हणे.”

“फुकट? मग इतको जीव कित्याक काढतत?” असं म्हणून ते हसले. पण अबू धाबीच्या स्पर्धेत रंजिताने चार गोल आणि सतरा पॉइंट केले आणि इंग्रजी पेपरात तिचा फोटो आला, तेव्हा तो कापून, प्लास्टिकमध्ये घालून, त्यांनी बसमध्ये स्टिअरिंगच्या वर लावला. गणपती थोडा उजवीकडे सरकवला.

मथुरावहिनींना हे सगळं पसंत नव्हतं. पहिल्याच वर्षी रंजिताचं बोट सुजलं तेव्हा त्यांनी तिला बजावलं होतं, “हातापायाचं मी चालवून घेईन. डोक्याला, तोंडाला एकदा जरी लागलं तर खलास. त्याच दिवशी खेळ बंद.” वहिनी बोलतात ते करतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मैदानावर कसा गेलो? माणूस कमी पडला म्हणून. प्रत्येक गोलाशी दोन पंच लागतात, दोन खांबांशी एकेक. पांढरा कोट घालायचा, हातात निशाण घ्यायचं. दांडीवरून गेला तर पांढरं, जाळीत गेला तर हिरवं, बाहेर गेला तर डोक्यावर हातांची फुली. एका खांबाशी गुंडू होते. दुसऱ्या खांबाशी कुणीच नव्हतं.

“काका, नुसतं उभं राहायचंय,” रंजिता म्हणाली. “तुम्हाला ते छान जमतं.”

साताऱ्याला बायकोला फोनवर सांगितलं तर सुनीताने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, “तुम्ही? आणि फुटबॉल? टोपी घालून जा.”

खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं होतं. मैदानावर कुणाशी बोलावं लागत नसे. चेंडू वरून गेला की निशाण वर करायचं, बस. खांबाच्या अगदी जवळून गेला तर मी गुंडूंकडे पाहायचो. ते मान हलवतील तसं मी करायचो. माझ्या डोळ्यांवर माझा तेवढा विश्वास नाही.

त्या नोव्हेंबरात निवडीची मॅच होती. आखाती देशांतल्या क्लबांमधून मुलींची एक टीम निवडून पुढच्या उन्हाळ्यात आयर्लंडला पाठवायची होती. निवडणारी बाई शुक्रवारी दुबईहून येणार होती. आमच्याच मुलींचे दोन गट करून त्यांना खेळवायचं ठरलं होतं.

मंगळवारी दुपारी रंजिता लायब्ररीत आली आणि खिडकीपासून सगळ्यात लांबच्या टेबलाशी बसली. नेहमी ती खिडकीशी बसते. मी पुस्तकं लावत होतो. अर्ध्या तासाने बघतो तर तिचं पान तेच.

“बरं नाही का?” मी विचारलं.

“काल प्रॅक्टिसला कुणाचं तरी कोपर लागलं. इथे.” तिने कानाच्या वर हात नेला. “काका, ते दिवे बंद करता येतात का? फक्त या बाजूचे?”

मी केले. तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. “हे वाचून दाखवता का? मला ओळ दोन-दोन दिसतेय.”

मी वाचायला लागलो. विषय होता डोक्याला मार लागलेल्या पेशंटची देखभाल. हे मी नंतर कुणालाही सांगितलेलं नाही, कारण रचून सांगितल्यासारखं वाटतं. पण ते तसंच होतं. तिची परीक्षाच त्या विषयाची होती. प्रकाश सहन न होणं, दोन प्रतिमा दिसणं, ओकारी. मी वाचता वाचता थांबलो. ती टेबलावर डोकं ठेवून ऐकत होती.

“रंजिता, हे तर...”

“माहितीये, काका. मीसुद्धा नर्स होणारे.” तिने डोकं उचललं नाही. “शुक्रवारपर्यंत जाईल. कुणाला सांगू नका. आईला कळलं तर संपलं, आणि कोचला कळलं तर शुक्रवारी बसवतील. प्रॉमिस करा.”

मी प्रॉमिस केलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. मनात म्हटलं, तिची लेक्चरं घेणारे इतके लोक आहेत, कोच आहे, फिजिओ आहे. त्यांना दिसत नसेल का? आपण पुस्तकं लावणारे. आपला काय अधिकार? इकडे परदेशात इतकी वर्षं काढली ती याच एका नियमावर: ज्यात आपलं नाव नाही त्यात हात घालायचा नाही.

शुक्रवारी अमवाजच्या अलीकडच्या मैदानावर सत्तरेक माणसं जमली होती. हवा छान होती. मी आणि गुंडू ज्या गोलाशी उभे होतो, त्याच्या दिशेने रंजिता खेळत होती. गोलात शाजिया होती. शाजियाचे आईवडील कराचीचे, तिचा जन्म इथला. ती आणि रंजिता पहिल्या वर्षापासून एका बाकावरच्या. एकमेकींचे डबे खायच्या.

पहिल्या अर्ध्यात रंजिताने दोन पॉइंट केले. मी दोनदा निशाण वर केलं आणि मंगळवारचं सगळं उगीच मनाला लावून घेतलं असं स्वतःला सांगितलं. मग लांबून एक उंच चेंडू आला. रंजिता धावत आली आणि उडाली. मी तिच्यापासून सात-आठ फुटांवर होतो. ती चेंडूकडे उडाली नाही. चेंडूच्या डावीकडे, वीतभर अंतरावर, जिथे काहीच नव्हतं तिथे तिने दोन्ही हात नेले, आणि काहीच नसलेलं ते हातांत पकडलं. शाजिया गोलातून बाहेर येऊन चेंडूला ठोसा मारायला उडाली होती. तिचा खांदा रंजिताच्या छातीवर बसला. रंजिता हवेतच फिरून बाजूला फेकली गेली आणि तिचं डोकं माझ्या खांबाच्या बुडाशी आपटलं.

तो आवाज मला वर्णन करता येणार नाही.

शाजियाच्या मुठीला लागून चेंडू उलटा उडाला होता आणि दांडीवरून गेला होता. मी पांढरं निशाण वर केलं. मुलगी माझ्या पायाशी पडली होती, तिचे डोळे अर्धे उघडे होते, आणि मी निशाण वर धरून उभा होतो. किती वेळ, ठाऊक नाही. कुणीतरी माझा हात खाली ओढला.

हॉस्पिटलात तिच्या मेंदूला सूज आहे असं सांगितलं. अकरा दिवस ती शुद्धीवर नव्हती. चौथ्या दिवशी कॉलेजातून एक फॉर्म आला. जे जवळून पाहत होते त्यांनी भरायचा. आम्ही दोन पंच. गुंडूंचं इंग्रजी कमी म्हणून आम्ही दोघं लायब्ररीत एका टेबलाशी बसलो. सहावा प्रश्न होता: अपघाताच्या आधीच्या दिवसांत खेळाडूत काही लक्षणं दिसली होती का? मी तो मराठीत वाचून दाखवला. गुंडू खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “नाय.” मी त्यांच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं. मग माझ्या फॉर्मवर तेच लिहिलं. त्याच पेनाने दोघांनी सही केली.

मला तेव्हा वाटलं, गुंडूंना खरंच ठाऊक नाही. मुलगी हॉस्पिटलात असताना त्यांना काय सांगायचं? ती बरी होऊ दे, मग बघू. डिसेंबरात ती उठली, बोलली, तिला गावी नेलं. जानेवारीत पत्र आलं. खरं लिहावं तर तिचा खेळ माझ्या हाताने संपणार आणि फॉर्मवरची माझी सही खोटी ठरणार. खोटं लिहावं तर ती पुन्हा मैदानात उतरणार. मी दोन्ही केलं नाही. रोज सकाळी खण उघडायचो आणि बंद करायचो.

मेच्या पहिल्या आठवड्यात शाजिया लायब्ररीत आली. तिच्या हातात कॉलेज सोडण्याचा फॉर्म होता. त्यावर प्रत्येक विभागाची सही लागते, लायब्ररीचीसुद्धा.

“ट्रान्सफर?” मी विचारलं.

“नहीं अंकल. छोड़ रही हूँ.”

मला समजेना. शेवटचं वर्ष, पहिल्या तिघींत नंबर. “दोन महिने राहिले. अभी क्यों?”

ती उभीच होती. “वॉर्ड में किसी को उठाने के लिए हाथ लगाती हूँ तो हाथ काँपते हैं. मेरे ही हाथ. पिछले हफ्ते एक बुढ़िया को गिराते-गिराते बची.” तिने हात टेबलावर ठेवले, जणू मला दाखवायला आणले होते. “मथुरा आंटी मेरा फोन नहीं उठातीं. एक बार उठाया तो बोलीं, तूने मेरी बेटी को धक्का दिया. दिया तो है.”

“रंजिता काय म्हणते?”

“वो बोलती है, माफ किया. उसको याद ही नहीं, अंकल. जो याद नहीं, उसको माफ कैसे करेगी?”

 सहा महिने मी फक्त माझाच हिशेब करत होतो की खरं सांगावं की नाही. या मुलीचा चेहरा त्यात एकदाही आला नव्हता. ती रोज याच इमारतीत होती. माझ्यासमोरून जात होती.  सांगायचं वाक्य तोंडाशी आलं होतं: ती तुझ्यामुळे पडली नाही, तिला चेंडू दिसतच नव्हता. आणि मी काय म्हणालो?

“शिक्का नाही इथे. रविवारी ये.”

शिक्का समोरच होता. तिने तो पाहिला असणार. तिने फॉर्म उचलला आणि ती गेली.

मी तसाच उठून बस पार्किंगला गेलो. गुंडू बसमध्ये पंखा लावून बसले होते.

“येवा, मास्तरांनू. बरा झाला इलात. मीच येतलो होतंय.” ते खुशीत होते. “आज फोन झालो. धा जूनला डॉक्टरकडे जावचा हा. डॉक्टर म्हणालो, कोणी काय वेगळा सांगूक नाय, म्हणजे पयलोच मार. रिपोर्ट बरे असले तर खेळाक सोडतलो. सप्टेंबरात माझा चेडू, रंजिता, परत मैदानार!”

मी सीटची दांडी धरली. “गुंडू, पहिला मार नव्हता तो.”

ते हसायचे थांबले.

“मंगळवारी ती माझ्याकडे आली होती. तिला दोन-दोन दिसत होतं. सोमवारी कोपर लागलं होतं. मला माहीत होतं. मी फॉर्मवर खोटं लिहिलं.”

मला वाटलं, ते मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते पुढच्या काचेकडे पाहत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, “बुधवारी सकाळी ह्या बशीत उलटी केल्यान. तिसऱ्या सीटार. मी धुवन काढलंय.”

मला आधी ऐकलेलं कळलंच नाही.

“म्हणजे तुम्हाला...?”

“सांगल्यान माका. बाबा, आवशीक सांगू नको, शुक्रवारपर्यंत. मी म्हटलंय, बरा.” त्यांचे हात स्टिअरिंगवर होते. “मास्तरांनू, आपण डायवर माणूस. थय प्रोफेसर, फिजिओ, सगळे आसत. त्यांका दिसाक नाय, तर मी काय सांगतलंय? आणि माका वाटला...” त्यांनी वर लावलेल्या फोटोकडे पाहिलं. “माका वाटला, आयर्लंडाक जातला माझा चेडू.”

आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसलो होतो. एक पेन होतं. मी प्रश्न वाचला होता आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं होतं. प्रत्येकाला वाटलं, आपण कुणाला तरी जपतोय. एका गोलाशी उभे राहणारे दोन पंच, आणि दोघांनीही पाहिलेलं लपवलं. 

“मी लिहिणार आहे तिला,” मी म्हणालो. “सहीसकट.”

“माझा नाव घालतलात?”

या प्रश्नाला मला वेळ लागला. “नाही. मी मंगळवारचं लिहीन, मी पाहिलं तेवढं. बुधवारचं तुमचं. ते तुम्ही सांगा. वहिनींनासुद्धा.”

“ता माका घराभायर काढतला.”

“काढू दे.”

आयुष्यात मी कुणाला इतक्या तुटकपणे बोललो नव्हतो. उतरताना पायरीवर माझा तोल गेला. गुंडूंनी मागून माझं कोपर धरलं आणि मी खाली उतरेपर्यंत सोडलं नाही. 

शुक्रवारी मराठीचा वर्ग संपवून मी मंडळाच्या खोलीत एकटाच बसलो आणि लिहिलं. पाच कागद फाडले. एकात मी स्वतःची इतकी निर्भर्त्सना केली होती की ते वाचून तिलाच माझी समजूत घालावी लागली असती. शेवटी साधं लिहिलं. सोमवारी कोपर लागल्याचं तू सांगितलंस, कानाच्या वर. मंगळवारी तुला उजेड सहन होत नव्हता, ओळी दोन दिसत होत्या. शुक्रवारी तू चेंडू जिथे नव्हता तिथे हात नेलेस. मी सात-आठ फुटांवरून पाहिलं. शाजियाने तुला ढकललं नाही. ती चेंडूसाठी उडाली होती, तू तिला दिसलीस, पण तिला वाटलं असणार की तू वळशील, कारण तू नेहमी वळतेस. हा दुसरा मार होता. मला हे ठाऊक होतं आणि मी फॉर्मवर ‘नाही’ असं लिहिलं. मी खोटं बोलतो, रंजिता. एकदा बोललो. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. त्याचीच इंग्रजी प्रत डॉक्टरांसाठी.

तुझा खेळ यामुळे संपेल याचं मला वाईट वाटतं, असं एक वाक्य होतं. ते ठेवावं की काढावं यात तासभर गेला. ठेवलं.

रविवारी शाजिया आली. मी तिच्या फॉर्मवर सही केली, शिक्का मारला, आणि फॉर्मबरोबर पत्राची इंग्रजी प्रत तिच्यापुढे ठेवली.

तिने उभ्याउभ्या वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 

“ये कब का है?”

“कालपरवाचं. पण मला... मुझे नवंबर से पता था.”

“नवंबर से.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “अंकल, मैं रोज़ यहाँ पढ़ती थी. उस टेबल पे. आप मुझे पानी का गिलास देते थे.”

मी शिक्का खणात ठेवला. 

“एक दिन मैं रो रही थी, आपने टिश्यू का डिब्बा दिया था. डिब्बा! और ये नहीं दिया!” ती ओरडली. लायब्ररीतल्या चार-पाच मुली वळून पाहायला लागल्या. इतकी वर्षं मी या खोलीत कुणाला आवाज चढवू दिला नव्हता. “पूरा छह महीना!”

“हो,” मी म्हणालो. “हाँ.”

ती खाली बसली. तोंड ओढणीत दाबून धरलं. मी उभा होतो तिथेच उभा राहिलो. जवळ जाण्याचा हक्क मला नव्हता आणि लांब जाण्याचाही नाही. काही वेळाने तिने डोळे पुसले.

“डाला पोस्ट में?”

“आज दुपारी जाणार होतो. लंच में.”

“दुपारी नहीं. अभी.” तिने गाडीची चावी काढली. “यल्ला, चलिए. मैं ले के जाती हूँ. आप रास्ते में फिर सोचने बैठ जाएँगे.”

हे तिने मला बरोबर ओळखलं होतं. मी मुलींना बाहेर काढलं आणि लायब्ररीला कुलूप लावलं. कामाच्या वेळात लावलेलं ते माझं पहिलं कुलूप. हिद्दहून मुहर्रकच्या पोस्टाकडे ती गाडी वेगात नेत होती. एसीचा झोत माझ्या तोंडावर येत होता, तो तिने बंदही केला नाही आणि वळवलाही नाही. एका सिग्नलला माझा फोन वाजला. गुंडू होते. मी उचलला.

“मास्तरांनू,” ते म्हणाले, “मथुरेक सांगलंय.” मागून वहिनींचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. “चेडवाकपण फोन केलंय. रडता हा. तुमचा पत्र धाडलात?”

“जातोय.”

“जावा.” फोन बंद झाला.

मी शाजियाला सांगितलं.  हिरवा दिवा लागला.

पोस्टात गर्दी नव्हती. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं आणि विचारलं, साधं की रजिस्टर्ड? मी म्हणालो, रजिस्टर्ड, आणि दहा जूनच्या आत पोचायला हवं. इंशाल्ला, त्या म्हणाल्या, आणि पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायला एक फॉर्म पुढे केला. मी सगळे रकाने भरले, फोन नंबरसुद्धा. बाहेर काचेपलीकडे शाजिया गाडीतून उतरून उन्हात उभी होती, डोळ्यांवर हात धरून आत पाहत. मी सही केली. बाईंनी तिकिटं लावली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या ट्रेमध्ये टाकलं.